त्याने भरलेलं पेट्रोल

अमेरिकेत, ट्रॉयमध्ये घर घेतल्यानंतरचा आमचा पहिला वसंत. बर्फ वितळून गवत घोट्यापर्यंत आलं होतं आणि गवत कापायचं मशीन काही केल्या सुरू होत नव्हतं. मी ड्राइव्हवेवर उभी राहून त्याची दोरी ओढत होते आणि तोंडाने नागपुरी शिव्या देत होते. इथे कोणाला कळतंय, या भरवशावर. समोरच्या घरातून एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ रस्ता ओलांडून आले. त्यांनी मशीनच्या टाकीचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि शांतपणे मराठीत म्हणाले, "शिळं झालंय."

मी लाजेने अर्धमेली झाले. त्यांनी शिव्यांचा विषय काढला नाही, पुढेही कधी काढला नाही. पेट्रोल शिळं होतं हेच मला ठाऊक नव्हतं. नागपूरला बाबांच्या स्कूटरमध्ये पेट्रोल आठवडाभरसुद्धा टिकत नसे, शिळं व्हायला त्याला सवड कुठे होती? काकांनी मला समजावलं. इथला हिवाळा लांब. पेट्रोल टाकीत नुसतं पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेलं दाट होत जातं, त्याचा चिकट थर बसतो आणि इंजिनाची बारीक भोकं बुजतात. म्हणून थंडीआधी टाकी काठोकाठ भरायची, आत हवेला जागा ठेवायची नाही, त्यात पेट्रोल टिकवणारं, बाटलीतलं स्टॅबिलायझर घालायचं आणि मग इंजिन दहाएक मिनिटं चालवायचं. "नुसतं टाकीत घालून भागत नाही," ते म्हणाले, "ते आतपर्यंत पोचायला हवं."

अशी काका-काकूंची ओळख झाली. काका एका मोटार कंपनीत इंजिनांची चाचणी करणाऱ्या विभागात आयुष्यभर काम करून निवृत्त झाले होते. इथे सगळेच पेट्रोलला गॅस म्हणतात, आम्हीसुद्धा म्हणायला लागलो होतो. काका मात्र पेट्रोलच म्हणत. काकू बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. मुलगी लग्न होऊन मिनेसोटात, ईडन प्रेरीला. आणि एक मुलगा. त्याचा फोटो हॉलमध्ये होता, पण त्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. मला कळलं ते मंडळाच्या गणपतीत, दुसऱ्या एका बाईंकडून. तो ॲन आर्बरला शिकत होता. एका फेब्रुवारीत शनिवार-रविवारसाठी घरी येताना हायवेवर काळ्या, नजरेला न दिसणाऱ्या बर्फावरून त्याची गाडी घसरली. आम्ही त्या रस्त्यावर राहायला आलो त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात काकांनी मला बोलावलं. आमचं मशीन घेऊनच ये म्हणाले, दोन्ही घरचं एकदम उरकू. पानं गळायला लागली की आमच्या रस्त्यावर सगळ्यांच्या गॅरेजची दारं उघडी दिसतात. कोणी बोट झाकतं, कोणी पाण्याचे पाइप रिकामे करतं, कोणी शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढतं. मला त्यात आमच्याकडचा कूलर आठवायचा. पाऊस लागला की बाबा कूलरच्या वाळ्याच्या ताट्या काढून उन्हात टाकत, टाकी पुसून कोरडी करत, मोटर जुन्या बनियनमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवत. एक ऋतू आवरून ठेवायचं काम. काकांचं गॅरेजसुद्धा तसंच होतं, प्रत्येक वस्तू स्वच्छ आणि जागच्या जागी. आम्ही मशीनचं तेल बदललं. त्यांच्या छोट्या बोटीची मोटर धुऊन घेतली. उन्हाळ्यातच फिरवायची त्यांची एक जुनी गाडी होती, तिची बॅटरी काढून बाकावर चार्जरला लावली. सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबली, नाहीतर उंदीर आत घर करतात. मला हे काम फार आवडलं. दिवसभर मी ऑफिसात गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या करते, पण हाताला कधी तेल लागत नाही.

गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात, स्वयंपाकघरात जाणाऱ्या दाराच्या शेजारी, करड्या कव्हराखाली एक मोटरसायकल उभी होती. सगळं झाल्यावर मी हात पुसत त्या दिशेने बघितलं आणि विचारलं, "काका, ती राहिली ना?"

"त्याचं झालंय," काका म्हणाले.

मला वाटलं, आधीच उरकलं असेल. पुढच्या ऑक्टोबरात मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं, त्याच आवाजात. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की काका "तिचं" म्हणत नाहीत, "त्याचं" म्हणतात. मी परत विचारलं नाही.

खरी हकिकत काकूंनी सांगितली, एकदा त्यांच्याकडे मेथी निवडत बसले असताना. त्या फेब्रुवारीच्या आधीच्या ऑक्टोबरात तो एका रविवारी घरी आला होता. बाइक हिवाळ्यात इथेच ठेवायचा, ॲन आर्बरला त्याच्या अपार्टमेंटला गॅरेज नव्हतं. तेव्हा काका म्हणाले होते, थांब, मी येतो मदतीला. तो म्हणाला, बाबा, मला येतं आता, तुम्ही बसा. कोपऱ्यावरच्या पंपावर जाऊन त्याने टाकी भरून आणली, स्टॅबिलायझर घातलं, इंजिन चालवलं, बॅटरी काढली, कव्हर घातलं. काका खिडकीतून बघत होते. मग तो स्वयंपाकघरातून आत आला. त्याच्या जॅकेटला गार हवेचा आणि पेट्रोलचा वास येत होता. काकू त्याला म्हणाल्या, आधी हात धू.

"तशीच आहे ती तेव्हापासून," काकू म्हणाल्या. "यांनी कव्हर काढलं नाही. वसंत आला की निघायचं, तशी ठेवलीय तिला. तयार."

आम्ही मेथीची जुडी संपवली.

त्यानंतर मला त्या गॅरेजात वेगळं वाटायला लागलं. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या हाताने केलेली एक गोष्ट तिथे अजून चालू होती. म्हणजे तो गेला, त्याचं सामान वाटलं गेलं, त्याची खोली पाहुण्यांची झाली, आणि त्याने पुढच्या उन्हाळ्यासाठी भरलेलं पेट्रोल तसंच वाट बघत बसलेलं. मी काम करताना त्या कव्हराकडे पाठ करायचं टाळायचे. मुद्दाम नाही, आपोआप. आणि एप्रिलमध्ये पहिला कोरडा शनिवार उजाडला की सगळ्या भागातल्या मोटरसायकली बाहेर निघायच्या. चौकापलीकडून इंजिनाचा आवाज यायला लागला की काकू हातातलं काम ठेवून खिडकीशी जायच्या. बाइक पुढे निघून गेली की परत यायच्या आणि जिथे सोडलं होतं तिथून काम सुरू करायच्या. एकदा मी समोर बसले होते. त्या म्हणाल्या, "आवाज वेगळा असतो. कळतं मला. पण उठल्याशिवाय राहवत नाही."

अशी चार-पाच वर्षं गेली. एका सप्टेंबरात मी त्यांच्याकडे दाण्याची चटणी द्यायला गेले. काकू एकट्याच होत्या. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "तुला एक सांगू? हसू नकोस."

मी म्हटलं, सांगा ना.

"तो येतो."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. त्या गॅसची शेगडी बारीक करून, माझ्याकडे न बघता बोलत होत्या. उन्हाळ्यापासून सुरू झालंय. दुपारी, संध्याकाळी, कधीही. मी इथे ओट्याशी असते आणि त्या दाराकडून वास येतो. पेट्रोलचा. तो आत यायचा तेव्हा यायचा ना, तसा. मी वळून बघत नाही. वळलं की कोणी नसणार, हे मला ठाऊक आहे. मी आपली उभी राहते. कधी कधी म्हणते, हात धू आधी.

मग मलाही वास आला. आधी वाटलं, त्यांच्या बोलण्यामुळे आला. पण तो होता. चहाच्या वाफेतूनही कळत होता. गोडसर, जुन्या रंगासारखा. दाराखालच्या फटीतून येत होता, आणि दाराच्या पलीकडे ती मोटरसायकल उभी होती.

चहा मी कसातरी संपवला. परत जाताना, काकांचा एक पाना न्यायचाय असं सांगून गॅरेजमधून बाहेर पडले. कव्हराची कड उचलून खाली वाकून पाहिलं. सिमेंटच्या फरशीवर एक काळपट डाग होता, बशीएवढा, मधे ओला. टाकीखालच्या पेट्रोलच्या चावीजवळ एक थेंब लोंबत होता. माझ्यासमोर तो पडला नाही. नुसता थांबून राहिला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, डेंजरस आहे यार, त्याच गॅरेजात त्यांचा पाणी तापवायचा बंब आहे ना? त्याची ज्योत जळत असते. आजच सांग. मला ते कळत होतं. रबरी वायसर वर्षानुवर्षं सुकून फुटला असणार, इतकं साधं कारण. पण ते कारण सांगायचं म्हणजे काकूंच्या दाराशी येणाऱ्याला बाहेर घालवायचं. दोन दिवस मी खिडकीतून त्यांच्या घराकडे बघत राहिले. रोज काहीतरी पेटलेलं दिसेल अशी भीती वाटायची, आणि रोज पाय उचलायचा नाही. शेवटी काका पोस्टाची पेटी उघडायला बाहेर आले तेव्हा मी रस्ता ओलांडून गेले आणि सांगितलं. फक्त गळतीचं सांगितलं. काकूंचं नाही.

काकांनी हातातली पाकिटं सारखी केली. मग म्हणाले, "स्टॅबिलायझर फार तर दोन वर्षं पेट्रोल टिकवतं. मला काय माहीत नाही का?"

त्याच सुमाराला त्यांचं घर विकायचं ठरत होतं. काकांचे हात थरथरायला लागले होते, जिने अवघड जात होते, आणि मुलगी मिनेसोटाला या म्हणून मागे लागली होती. म्हणजे बाइकचा प्रश्न नाहीतरी यायचाच होता. काकांनी मला शनिवारी सकाळी यायला सांगितलं. बंबाची ज्योत त्यांनी त्याच दिवशी बंद केली आणि गॅरेजचं दार दिवसा उघडं ठेवायला लागले.

शनिवारी मी गेले तेव्हा कव्हर काढलेलं होतं. मी पहिल्यांदा ती बाइक पूर्ण पाहिली. गडद निळी, फारशी मोठी नाही. आरशाला एक साधी काळी हेअरबँड अडकवलेली होती, कोणाची ते काकांना माहीत नव्हतं. सीटवर धूळ नव्हती. आम्ही ती ढकलून बाहेर ड्राइव्हवेवर आणली. टायर बसले होते, त्यामुळे ती जड, नको म्हणत असल्यासारखी चालली.

काकांनी टाकीचं झाकण उघडलं आणि टॉर्चने आत उजेड पाडला. टाकी काठोकाठ नव्हती. अर्ध्याच्याही खाली गेली होती. काका झाकण हातात धरून उभे राहिले. मी म्हटलं, गळलं असेल. ते म्हणाले, गळलं थोडं. बाकीचं उडून गेलं. इतक्या वर्षांत हळूहळू, हवेत.

आम्ही चावीला नळी लावली आणि लाल कॅनमध्ये पेट्रोल सोडलं. मला वाटलं होतं, स्वच्छ येईल. ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. वास एकदम उसळून आला आणि मी तोंड फिरवलं, तर गॅरेजच्या आतल्या दारात काकू उभ्या होत्या. घरातल्या गाऊनवर त्यांनी काकांचं जाड जॅकेट घातलं होतं. त्या पायऱ्या उतरून गॅरेजातून चालत बाहेर आल्या. काका नळी धरून होते, ते थांबले नाहीत. काकू कॅनशी वाकल्या, नळीच्या टोकाशी बोट धरलं आणि ते नाकाशी नेलं.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच वास यायचा."

काका म्हणाले, "वायसर गेला होता. गळत होतं."

"मला माहीत होतं."

काकांनी मान वर केली. मीही बघत राहिले.

"मला कळत होतं गळतंय ते," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढली, तेवढं कळणार नाही का? पण वास तर येत होता ना. म्हणून बोलले नाही."

नळीतून शेवटचं पेट्रोल थेंब थेंब पडत होतं. ते पूर्ण संपेपर्यंत काकू तिथेच उभ्या राहिल्या, जसं एखाद्याला निरोप द्यायला गेल्यावर गाडी सुटेपर्यंत आपण थांबतो. मग आत गेल्या. त्यांनी हात धुतल्याचा आवाज मला आला, किंवा आल्यासारखा वाटला.

जुनं पेट्रोल इथे कुठेही ओतता येत नाही. शहराचं एक ठिकाण आहे, तिथे रंग, रसायनं, बॅटऱ्या असलं नेऊन द्यायचं. आम्ही खिडक्या उघड्या ठेवून कॅन घेऊन गेलो. काका वाटभर मागे वळून बघत होते, कॅन कलंडत तर नाही ना म्हणून. तिथल्या माणसाने हातमोजे घालून कॅन उचलला, आत काय आहे विचारलं. काका म्हणाले, जुनं पेट्रोल. किती जुनं, असं त्याने सहज विचारलं. मीच पुढे होऊन म्हटलं, बरंच जुनं. त्याने कॅन दुसऱ्या कॅनांच्या रांगेत नेऊन ठेवला. सगळे लालच होते. गाडी वळवेपर्यंत त्यातला आमचा कोणता ते ओळखू येईनासं झालं.

पुढचे काही शनिवार आम्ही कार्ब्युरेटर साफ करण्यात घालवले. पेट्रोल आणि हवा मिसळणारा हा भाग उघडला तर आत सगळीकडे पिवळा, कडक थर होता, वाळलेल्या काकवीसारखा. काका सांगत आणि मी करत होते. बारीक स्क्रू आता त्यांच्या हातात राहत नव्हते. भाग औषधात भिजत ठेवायचे, तारेने भोकं मोकळी करायची, फुंकर मारून बघायचं. या कामात काका थोडं थोडं बोलायला लागले. मुलाविषयी नाही, बाइकविषयी. ती घेतली तेव्हा किती खराब होती, कुठला भाग कुठून मिळवला. "आम्ही" म्हणायचे. आम्ही हा रेग्युलेटर बदलला, आम्ही ही वायर ओढली. त्या "आम्ही"त मी धरलेली नाही हे मला कळत होतं, पण पाना माझ्या हातात होता. कधी काका हात पुढे करायचे आणि मी हातोडी किंवा फडकं द्यायच्या आधी क्षणभर थांबायचे. वाटायचं, हा हात माझ्यासाठी पुढे केलेला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी थंडी आली. विकायची तर वसंतात विकू, असं ठरलं. हिवाळ्यात मोटरसायकल कोण घेणार? म्हणजे तिला पुन्हा हिवाळ्यासाठी तयार करणं आलं. काकांनी मला नवीन कॅन देऊन कोपऱ्यावरच्या पंपावर पाठवलं. पंपाशी उभी असताना मला एकदम जाणवलं की हाच तो पंप. माझ्या हातावर थोडं पेट्रोल सांडलं. तो ताजा, नाकात जाणारा वास घेऊन मी परत आले. टाकी काठोकाठ भरली, स्टॅबिलायझर मोजून घातलं. नवी बॅटरी लावली. काकांनी चोक ओढला.

पहिल्यांदा नाही झाली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नुसती घुरघुरली. मग एकदम सुरू झाली. मागून निळसर धूर निघाला आणि तिचा आवाज समोरच्या घरांवर आपटून परत आला. मी काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला. पण त्या खिडकीशी आल्या नाहीत. पुढचं दार उघडून थेट बाहेर आल्या, अनवाणी.

काकांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि इंजिन बंद करायला हात नेला.

"चालू द्या," काकू म्हणाल्या.

"अगं, गार आहे, तू आत—"

"चालू द्या. आतपर्यंत पोचायला हवं ना?"

म्हणून ती चालू राहिली. तेवढ्यात शेजारच्या घरातला म्हातारा अमेरिकन शेजारी हातात पानं ओढायचं दाताळं घेऊन बाहेर आला. त्या रस्त्यावरचा तो सगळ्यात जुना माणूस. त्याने बाइक पाहिली, काका-काकूंना पाहिलं, आणि जिथे होता तिथेच थांबला. डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात घेतली. हात हलवला नाही, जवळ आला नाही. इंजिन हळूहळू गरम होऊन आवाज एकसारखा झाला. आम्ही चौघं बाइककडे तोंड करून उभे होतो. हे वाचणाऱ्याला कसं वाटेल माहीत नाही, पण तेव्हा सीट रिकामी वाटत नव्हती. मी तिच्याकडे सरळ बघू शकले नाही. काकू मात्र बघत होत्या, एकटक, जराही न रडता.

मग काकांनी इंजिन बंद केलं. शेजाऱ्याने टोपी घातली आणि पानं ओढायला लागला.

त्या हिवाळ्यात मी काकूंना एकदा विचारलं, आता बरं वाटतंय ना स्वयंपाकघरात? वास गेला? त्या म्हणाल्या, हो, गेला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता काहीच येत नाही." त्यात मला दोष दिलेला नव्हता. तरी मी घरी येऊन जरा वेळ आमच्या गॅरेजातच बसून राहिले. मी भरलेलं पेट्रोल त्या कोपऱ्यात, त्या कव्हराखाली होतं, आणि त्याच्या वासाबरोबर कोणी येणार नव्हतं.

एप्रिलमध्ये बाइक बघायला ॲन आर्बरहून एक मुलगी आली. नर्स होती, भावाच्या ट्रकमधून आली होती. तिने सगळं नीट तपासलं, कव्हर घालण्याआधी कोणी इतकं व्यवस्थित केलं म्हणून विचारलं. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाइक चालवायचं कोण, हे तिने पुढे विचारलं. काका म्हणाले, माझा मुलगा. तिने हसून विचारलं, तुम्ही विकताय ते त्याला माहीत आहे ना?

काका म्हणाले, "हो. माहीत आहे."

आरशावरची हेअरबँड त्यांनी काढून खिशात ठेवली. ट्रक वळणाआड गेल्यावर काकू आत गेल्या आणि आम्हाला जेवायला बोलावलं. वरण-भात होता, आणि सगळे पोटभर जेवलो. जून संपायच्या आत घर रिकामं झालं.

आता ते ईडन प्रेरीला मुलीच्या घराजवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहतात. आम्ही रविवारी फोनवर बोलतो. गेल्या ऑक्टोबरात काकूंनी सांगितलं की इमारतीच्या मॅनेजरने मुलीला फोन केला होता. तुमचे वडील रोज खाली पार्किंगमध्ये जातात, लोकांच्या गाड्यांमधून हिंडतात, एखाद्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहतात. कोणाचं काही नुकसान केलेलं नाही, पण लोक विचारतात. जमिनीखालचं पार्किंग आहे, हिवाळाभर तापवलेलं. तिथे कुठल्याही गाडीला काहीच करावं लागत नाही. मुलीला फार अवघडल्यासारखं झालं. ती रागावली, मग रडली. तिने काकांना विचारलं, बाबा, तिथे काय शोधता? काका म्हणाले, काही नाही, कोणती आत्ताच आलीये ते बघतो. ती गरम लागते.

मी काकूंना विचारलं, मग आता काय करताय?

"आता मी पण जाते बरोबर," काकू म्हणाल्या. "दोघं असलं की कोणी काही म्हणत नाही."